भुयाराचा पॉइंट्समन

आमच्या सासऱ्यांचा देवावर विश्वास नव्हता. घर बौद्ध, त्यामुळे त्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही. पण त्यांचा दूधवाल्यावर नव्हता, गॅसच्या टाकीच्या सीलवर नव्हता, हवामानाच्या अंदाजावर नव्हता आणि गोळ्या-औषधांवर तर मुळीच नव्हता. मी शहापूरला एका दवाखान्यात कंपाउंडरकी करते. मी माझ्या हाताने आणलेली रक्तदाबाची गोळी ते आधी उजेडात धरून बघत, मग वास घेत, मग मोडून आतला रंग तपासत आणि विचारत, "ही तीच का गो? कालची जरा जाडी होती."

आप्पा म्हणायचे त्यांना सगळे. उंच, शेवग्याच्या शेंगेसारखे वाळलेले, आणि डावी भुवई कायम वर. ती भुवई खाली आलेली मी बरीच वर्षं फक्त त्यांच्या झोपेत बघितली. सासूबाई होत्या तोवर त्यांची एक गोष्ट हमखास सांगायच्या. मुलगी बघायला आले, तेव्हा सासूबाईंनी चहा पुढे केला. आप्पांनी स्वतःचा कप शेजारी बसलेल्या मामाच्या हातात दिला, मामाने तो संपवला, मामा धडधाकट आहे हे बघून घेतलं आणि मग म्हणाले, "आता मला आणा." एवढं होऊनही सासूबाईंनी होकार दिला, याचं मला जास्त नवल वाटायचं. "अगं, निदान हा माणूस काही लपवणार तरी नाय, असं वाटलं," त्या म्हणायच्या.

हा स्वभाव जन्माचा की नोकरीचा, ते मला कधी कळलं नाही. आप्पा कसारा घाटात रेल्वेत पॉइंट्समन होते. इगतपुरीकडून गाडी घाट उतरते, तेव्हा तिच्या ब्रेकचा भरवसा धरायचा नसतो. म्हणून वाटेत एक वेगळी लाइन काढलेली असते, वर चढत जाऊन वाळूत संपणारी. तिला क्याच सायडिंग म्हणतात. रूळ बदलायचा सांधा कायम त्या वाळूकडेच लावून ठेवलेला. गाडीने आधी थांबायचं, शिटी द्यायची, मग तिला खाली जायची लाइन मिळायची. जी थांबली नाही तिचा ब्रेक गेला असं समजायचं, आणि ती आपोआप वाळूत जाऊन रुतायची.

"म्हणजे येणारी प्रत्येक गाडी बिघडलेलीच, असं धरायचं?" मी लग्नानंतर विचारलं होतं.

"हां. मेल असू दे नाय तर मालगाडी. आधी थांब. थांबून दाखव. मग बघू."

एकदा खरोखरच एक मालगाडी थांबली नव्हती. समोरून धडधडत गेली आणि वाळूत चढून उभी राहिली. ड्रायव्हर उतरला तो पांढराफटक, आणि येऊन आप्पांचे पाय धरू लागला. आप्पांनी पाय मागे घेतले. ही गोष्ट ते सांगायचे तेव्हा शेवटी हटकून म्हणायचे, "मी काय केलं होतं? मी फक्त विश्वास ठेवला नव्हता." आणि मग आमच्याकडे अशा नजरेने बघायचे, की बघा, किती माणसं वाचली.

रिटायर होऊन गावी आले आणि त्यांना दुसरी ड्युटी मिळाली. कुणी दिली नव्हती, त्यांनीच घेतली.

आमच्या गावामागे, किन्हवलीकडून मुरबाडच्या अंगाला जाताना, डोंगराच्या उतारावर जमिनीखाली एक खोली आहे. वरून काही दिसत नाही. कातळात एक माणूस कसाबसा उतरेल एवढं तोंड आणि त्यावर करवंदीची जाळी. आत पायऱ्या, मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या. खाली वाकूनच उभं राहावं लागेल अशी चौकोनी खोली, भिंतींत कोनाडे, तेही केव्हाचेच रिकामे. आणि मध्ये जमिनीत घट्ट बसवलेलं एक गोल दगडी झाकण. त्याच्याखाली मडकं आहे आणि मडक्यात कुणाची तरी राख नि हाडं आहेत, असं सांगतात. गावातले काही लोक त्याला राक्षसाचं थडगं म्हणतात, काही पांडवांचं नाव घेतात. आमच्या आळीत म्हणतात, कुणी भंते होते, फार जुने, घाटाच्या वाटेने चालत आलेले, ते इथेच गेले. खरं कुणालाच ठाऊक नाही. आम्ही सगळे त्याला नुसतं भुयार म्हणतो.

"आप्पा, तुम्ही बघितलंय मडकं?" मी विचारलं.

"नाय."

"मग आहे कशावरून?"

"तेच तर. बाप बोलला. पण बापानं तरी कुठं बघितलं होतं?"

"मग एकदा उघडून बघायचं ना."

त्यावर ते माझ्याकडे असे वळले, की मी चूक बोलले हे मला तिथंच समजलं. "मेल्यावर तुला कुणी उकरून बघितलं तर चालंल?" ते म्हणाले. "कोण का असंना. झोपलाय तो. त्याला कुणाचा हात लागता कामा नाय." आप्पांनी स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. धड चप्पलही नाही. त्यांना एवढंच हवं होतं, की आपण आहोत तोवर ते झाकण कुणी उचलू नये.

भुयाराकडे जायची वाट आमच्या जमिनीतून जाते. बांधाला मोहाचं एक झाड आहे, खाली सपाट धोंडा. कुणीही बघायला आलं, की आप्पा त्याला त्या धोंड्यावर बसवायचे. "बसा. येतो." आणि स्वतः पडवीत येऊन दाढी करायला बसायचे. सकाळी झालेली असली तरी पुन्हा साबण लावायचे. पाठ पाहुण्याकडे, आणि आरसा बरोबर असा धरलेला, की मोहाखालचा माणूस त्यात दिसावा. पाहुण्याला वाटायचं, म्हातारा विसरला. म्हातारा आरशातून त्याचे डोळे बघत असायचा.

जो सारखा घड्याळ बघेल, जो मोबाईल काढेल, जो उठून परस्पर वर चढायला लागेल, जो "अहो काका, किती वेळ?" असं ओरडेल, तो बाद. तालुक्याच्या कुठल्या तरी ऑफिसातले एक साहेब जीपमधून आले होते. बसलेच नाहीत धोंड्यावर, रुमालाने झटकत उभे राहिले. आप्पांनी तोंड पुसलं आणि आम्हाला हळूच सांगितलं, "साहेबाचा ब्रेक गेलाय." मग बाहेर जाऊन सांगून आले, की वाटेत गांधीलमाश्यांचं पोळं उठलंय, आज जायला नको. साहेब निघून गेले.

जो थांबेल, त्याला घेऊन ते स्वतः खाली उतरायचे. एकट्याला कधीच सोडायचे नाहीत. वर आल्यावर खिसे उलटे करून दाखवायचे, तळहात पुढे करायचे, बायकांनी पदर झटकायचा. लग्न झाल्यावर मला भुयार दाखवायला नेलं, तेव्हा मलाही हेच. हातात हिरवा चुडा, आणि सासरा म्हणतोय, पदर झटक. माझ्या अंगाचा नुसता संताप झाला. झटकला पदर. मग आप्पांनी आपल्या पँटचे खिसे बाहेर काढले, विडीचं बंडल नि काडेपेटी माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "आता माझं बघ." मी म्हटलं, राहू द्या. "राहू द्या कशाला? मी पण माणूसच हाय." त्यांना ते अगदी मनापासून वाटत होतं. म्हणून मग माझा राग टिकेना.

एकदा कल्याणच्या कॉलेजातली एक मुलगी आली, अशा जुन्या जागांचा अभ्यास करणारी. पाठीवर सॅक, गळ्यात कॅमेरा. हुशार दिसत होती. पण मुरबाडला जायची एसटी दुपारी एकच होती, आणि ती सारखी मनगटाकडे बघत होती. मला आरशाशिवायच कळत होतं, की हिचं काही खरं नाही. आप्पांनी गांधीलमाश्या सांगितल्या. ती बिचारी म्हणाली, "काका, निदान तुम्ही तरी फोटो काढून ठेवा. झाकणाच्या सांध्याला खडूने खूण करा, म्हणजे कुणी हलवलं तर लगेच समजेल." ती गेल्यावर आप्पा म्हणाले, "झाकण हलतं, हे हिला कुणी सांगितलं?" मी कपाळाला हात लावला.

पण या सगळ्यांत आप्पांचा सगळ्यात जास्त संशय होता तो घरच्या माणसावर. माझ्या दिरावर, प्रकाशवर.

प्रकाश म्हणजे आप्पांच्या अगदी उलट. बोलणं भरभर, चालणं भरभर, जेवताना पहिला घास गिळायच्या आधी दुसरा हातात. वासिंदजवळ गोदामात सुपरवायझर, राहायला आसनगावला. लहानपणी आप्पांच्या मागे-मागे भुयारात उतरायचा म्हणे, आणि आप्पा पायरीपायरीवर ओरडायचे, थांब रे, थांब. मोठा झाल्यावर त्याच्या डोक्यात एकच, की डोंगराच्या पायथ्याची जमीन प्लॉटवाल्यांना द्यावी. "आप्पा, आजूबाजूचे सगळे बसलेत फार्महाउस बांधून. आपणच राहिलो माकडं हाकलत." पोटात पाप नव्हतं त्याच्या. बापाने म्हातारपणी आसनगावात, दवाखान्याजवळ राहावं, असंही त्याला वाटायचं. येताना आप्पांसाठी सुके बोंबील आणायचा, न विसरता. आप्पा बोंबील खायचे, आणि मला म्हणायचे, "हा पक्या एवढं गोड का वागतो गो?"

मग ते गुरुजी आले.

पांढरा लेंगा-सदरा, खांद्याला कापडी पिशवी, आवाज मऊ. नाशिककडचा रिटायर मास्तर आहे, म्हणाले, फाट्यावर एसटीने उतरून चालत आलो. आप्पांनी धोंड्यावर बसवलं. गुरुजींनी मांडी घातली, डोळे मिटले. आप्पांची दाढी झाली. आप्पांनी आंघोळ केली. चहा घेतला. म्हशीला पाणी दाखवून आले. गुरुजी तसेच. माशी नाकावर बसली तरी हात हलला नाही. आप्पा आरसा भिंतीला टेकवून त्याच्याकडे बघत राहिले, आणि जागेपणी त्यांची डावी भुवई खाली आलेली मी पहिल्यांदा बघितली.

"काय थांबतो गो हा माणूस," ते म्हणाले.

मला ते गुरुजी पहिल्या दिवसापासून खटकले. फाट्यापासून आमच्यापर्यंत तांबड्या मातीचा रस्ता, उन्हाळ्यात घोटाघोटा धुळीचा. आणि यांच्या चपला अशा, की आत्ताच खोक्यातून काढल्यात. मी आप्पांना तसं म्हटलं. आप्पा मलाच म्हणाले, "तुला मेली सगळ्यांचाच संशय." आता यावर काय बोलायचं, सांगा.

गुरुजींनी पिशवीतून मेणबत्ती काढली, पांढरी फुलं काढली, भुयारात झाकणाजवळ ठेवली आणि हात जोडले. वर येताच, सांगायच्या आधी, स्वतःचे खिसे उलटे केले. आप्पा खूश. दुसऱ्यांदा आले, तेव्हा आप्पांनी त्यांना भाकरी वाढली. तिसऱ्यांदा गुरुजी भुयाराच्या तोंडाशी अडले आणि मान खाली घालून म्हणाले, "आप्पासाहेब, आपली हरकत नसेल, तर थोडा वेळ एकट्याने ध्यानाला बसू का?" आणि आप्पा, ज्यांनी पोटच्या पोरालाही कधी एकट्याने खाली सोडलं नव्हतं, ते वर करवंदीपाशी उभे राहिले. मी चहा घेऊन गेले, तर हा माणूस देवळाबाहेर चपला सांभाळत उभा असावा तसा उभा. मी खाली वाकून बघायला लागले, तर मला हाताने मागे सारलं. "बसू दे त्याला."

वैशाखी पौर्णिमेला आम्ही सगळे भुयारात जातो, फुलं घेऊन. त्या वर्षीही गेलो. प्रकाश आला होता. आप्पा पुढे उतरले, आणि खालून त्यांचा आवाजच येईना. मी बॅटरी घेऊन गेले. झाकणाचे दोन तुकडे झाले होते. खाली हात-दीड हात खोल खळगा, त्यात थोडी पांढरी भुकटी, बाकी काही नाही. मडकं होतं खरं. त्याच्या बुडाचा गोल ठसा मातीत दिसत होता. आप्पा त्या ठशाभोवती बोट फिरवत राहिले. ते खरंच तिथे होतं, हे त्यांना मडकं गेल्यावर समजलं.

घरी येईपर्यंत शेजारच्यांनी बोलायचं ते बोलून टाकलं होतं. आदल्या आठवड्यात मी आप्पांना तपासायला शहापूरला नेलं होतं, तेव्हा मागून प्रकाश आला होता. प्लॉटवाल्या एजंटाच्या पांढऱ्या गाडीतून, त्याच्याबरोबर. गाडी मोहाखाली न थांबता सरळ बांध ओलांडून वर. दोघं डोंगरावर बराच वेळ होते. प्रकाशने आम्हाला हे सांगितलं नव्हतं. माझ्याही मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही.

पडवीत सगळे बसलेले. खीर शिजून झाकून ठेवलेली. आप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "पक्या, खिसे काढ."

प्रकाशला आधी हसू आलं. मग त्याने आमच्याकडे बघितलं. आमचे हे मान खाली घालून बसले होते, मी खांबाला धरून उभी. कुणी काही बोलत नाही म्हटल्यावर त्याचं हसू गेलं. त्याने खाटेवर एकेक वस्तू ठेवली. किल्ल्या, रेल्वेचा पास, कंगवा, लेकीची केसांची क्लिप. बाहेर जाऊन स्कूटरची डिकी उघडली. हेल्मेट उलटं करून दाखवलं.

"झालं? अजून काय बघायचंय?"

"खिशात मावत नाय ते कुठं ठेवलंस, ते."

"आप्पा, जमीन दाखवायला आणलं होतं मी त्याला. भुयाराजवळ आमी गेलोच नाय. तुमचा पोरगा हाय मी."

"गाडी कुणाची हाय ते बघून सांधा लावत नसतात," आप्पा म्हणाले.

प्रकाशने किल्ल्या उचलल्या. बाकी सगळं तिथेच. मी क्लिप घेऊन मागे धावले, तेव्हा स्कूटर चालू करून तो उभा होता. क्लिप घेतली आणि म्हणाला, "वहिनी, तुमाला पण वाटतं का तसं?" मी नाही म्हटलं. पण लगेच नाही म्हटलं नाही, आणि ते त्याने बरोबर ओळखलं.

पुढे पाऊस आला, लावणी झाली, भात पोटरीला आलं, प्रकाश फिरकला नाही. फोन मला करायचा, तोही आमचे हे घरी असतील तेव्हाच. आप्पांनी त्याचं नाव काढलं नाही. दाढी मात्र रोज करायचे, आरसा मोहाकडे वळवून. येत कुणीच नव्हतं. एक दिवस मी भांडी घासता घासता म्हटलं, "ते गुरुजी नाही आले बरेच दिवसांत."

"कसे येतील? आपल्या घरातनंच असं झालं. त्यांना तोंड काय दाखवायचं?"

"पण आप्पा, असं झालं हे त्यांना कळलं कसं? कुणी कळवलं?"

वस्तरा गालावर थांबला. आप्पा आरशात बघत होते, पण त्या वेळी मोहाकडे नाही, स्वतःकडे. भुवई वर गेली. मी पुढचं भांडं घासायला घेतलं. बोलायची गरजच नव्हती, आणि मला त्यांची कीव आली.

कापणी झाल्यावर मोटारसायकलवर एक पोलीस आला. मुरबाडकडच्या एका गावात रात्रीचं जुनं थडगं खणताना टोळी पकडली होती, लिंबू-नारळ मांडून, गुप्तधनासाठी. त्यातला एकजण आपण कुठे-कुठे खणलं ते सांगत होता. पोलिसाने मोबाईलवर फोटो दाखवला. "याला ओळखता का, काका?"

आप्पांनी मोबाईल हातात घेतला, गोळी धरायचे तसा उजेडात धरला. सदरा पांढराच होता. "हा थांबायचा," ते म्हणाले. "लई छान थांबायचा."

"थांबणारच ना. यांना कसली घाई? आधी दोन-तीनदा येऊन बघून जातात, दगड सैल करून ठेवतात, मग रात्री येतात." पोलिसाने मोबाईल परत घेतला. "तुमच्याकडं काय गावलं नाय त्यांना. नुसतं मडकं, आत राख. ओहोळात फेकून दिलं म्हणतो."

आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "सुनबाय, चोराच्या गाडीचा ब्रेकबी चांगला असू शकतो, हे आमाला रेल्वेत कुणी सांगितलं नाय गो." मी हसले नाही. त्यांनाही हसू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं ओहोळ धुंडाळायला लागलो. एका पावसाळ्याचं पाणी जाऊन गेलं होतं, काय मिळणार? पण त्या लोकांनी ते वरच्या अंगाला, कारवीच्या दाट झुडपात भिरकावलं होतं, जिथे पाणी पोचतच नाही. आधी काळ्या-तांबड्या खापऱ्या दिसल्या. मग मडक्याचं बूड, बऱ्यापैकी शाबूत, आणि त्यात मातीबरोबर घट्ट बसलेली राख आणि जळक्या हाडांचे बारके तुकडे. आप्पा तिथेच दगडांत बसले. डोक्याचा टॉवेल सोडून अंथरला आणि एकेक तुकडा त्यावर ठेवू लागले. ठेवता ठेवता रडायला लागले. मी त्यांना सासूबाई गेल्या तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं. "माझ्यामुळं झालं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मडक्याबद्दल म्हणत होते की प्रकाशबद्दल, ते मी विचारलं नाही.

घरी आल्यावर मोबाईल हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. शेवटी मीच नंबर लावून दिला. आप्पा म्हणाले, "मडकं गावलं. ये." आणि फोन मला परत दिला. माफ कर वगैरे काही नाही. ते शब्द त्यांच्याकडे नव्हतेच.

प्रकाश रविवारी आला. एकटा. आप्पांच्या पाया पडला, पाणी प्यायला, विचारपूस केली. सगळं नीट, जसं परक्याच्या घरी करतात तसं. आम्ही तिघं वर गेलो. आप्पांचे गुडघे आता साफ गेले होते, चार पावलांवर टेकत होते. भुयाराच्या तोंडाशी पोचलो, तेव्हा त्यांनी टॉवेलाचं गाठोडं छातीशी धरलेलं होतं, ते प्रकाशच्या हातात दिलं.

"तू जा," ते म्हणाले. "नीट ठेव. वर झाकणाचे तुकडे लाव. आमी दोघं हितं बसतो."

 आप्पांनी आयुष्यात कुणाची माफी मागितली असेल, तर ती हीच. प्रकाशने गाठोडं घेतलं, करवंदीची फांदी बाजूला केली, एक पायरी उतरला. मग मागे वळला.

"नको. मी एकटा नाय जाणार, आप्पा."

"का रे?"

"उद्या आतलं काय कमी-जास्त निघालं, तर तुमी माझंच नाव घ्याल."

त्याच्या आवाजात राग असता, तर बरं झालं असतं. एसटी किती वाजता आहे ते सांगावं, तसं त्याने ते सांगितलं.

"नाय घेणार," आप्पा म्हणाले.

"आज नाय घेणार," प्रकाश म्हणाला. "तुमी चला बरोबर."

आप्पांनी काठी माझ्याकडे दिली. कातळाला धरून पहिल्या पायरीवर बसले आणि लहान मूल जिना उतरतं तसं, बसत-बसत, खाली जाऊ लागले. प्रकाश त्यांच्या पुढे, एका हातात गाठोडं, दुसऱ्या हाताने बापाचं पाऊल धरून पुढच्या पायरीवर टेकवत. मी वरून बॅटरी धरली होती. खाली दोघांनी मिळून काय केलं, ते मला दिसलं नाही. आवाज फक्त दगडाचा आला.

त्यानंतर प्रकाश दर रविवारी यायला लागला. औषधं आणायचा, बोंबील आणायचा, आप्पांची नखं कापायचा. जमिनीचं नाव पुन्हा काढलं नाही. पण आप्पांच्या खोलीत एकटा कधी बसला नाही. उंबऱ्याशी येऊन म्हणायचा, "वहिनी, तुमी पण या ना." आणि मी हातातलं काम टाकून जायची. आप्पांच्या उशाला ट्रंक होती, कोनाड्यात सासूबाईंची डबी होती. आप्पांचं त्याकडे लक्षही नसायचं. प्रकाशचं असायचं.

होळीनंतर आप्पा अंथरुणातून उठेनासे झाले. एका रविवारी दुपारी प्रकाश त्यांना पेज भरवत होता, मी दारात नेहमीसारखी. दोन घास घेऊन आप्पांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. डोळे स्वच्छ होते त्यांचे. मला म्हणाले, "सुनबाय, तू जा गो. चहा टाक. मी नि पक्या बसतो हितं."

मला समजलं. मी वळले.

"वहिनी," प्रकाश म्हणाला, "राहू द्या चहा."

मी दोघांकडे बघितलं. प्रकाशने चमच्यात पेज घेतली होती आणि ती फुंकून गार करत होता, खाली मान घालून. आप्पा थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं आणि घास घेतला, आणि मी दारातच उभी राहिले.